एडीपी संपलं, तरी ऑक्सिजन जळतच होता

मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे कण) ठणठणीत असतील तर ऑक्सिजन इलेक्ट्रोडचा, म्हणजे चेंबरमधला ऑक्सिजन किती वेगाने घटतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख लगेच सांगतो. एडीपी (ज्यापासून ते एटीपी हा ऊर्जावाहक रेणू बनवतात) घातलं की उतार तीव्र होतो, ते संपलं की रेघ पुन्हा सपाटीकडे वळते. त्या दिवशी हे दुसरं वळण आलंच नाही.

मांडणी नेहमीची होती. तापमान 25 अंश सेल्सिअस, 1 मिलिलिटरचा चेंबर, 1 मिलिग्रॅम प्रथिन भरेल एवढे उंदराच्या यकृतातले मायटोकॉन्ड्रिया, 5 मिलिमोलर फॉस्फेट, 2 मायक्रोमोलर रोटेनोन आणि इंधन म्हणून 5 मिलिमोलर सक्सिनेट. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणाऱ्या साखळीचं एक प्रवेशद्वार, कॉम्प्लेक्स 1, रोटेनोनमुळे बंद राहतं, इलेक्ट्रॉन फक्त कॉम्प्लेक्स 2 मधून शिरतात आणि हिशेब सरळ होतो. पण नुसत्या सक्सिनेटवरच मिनिटाला 60 नॅनोमोल ऑक्सिजन जात होता. 200 नॅनोमोल एडीपी घातल्यावर 80. म्हणजे आरसीआर (एडीपी असतानाचा वेग भागिले एडीपी नसतानाचा) जेमतेम 1.3, चांगल्या नमुन्यात सक्सिनेटवर तो 4 च्या आसपास हवा. चेंबरमध्ये सुरुवातीला असतो सुमारे 240 नॅनोमोल ऑक्सिजन. या वेगाने तो चार मिनिटांत संपतो, त्यामुळे प्रत्येक तपासणीला नवा नमुना घ्यावा लागला.

इलेक्ट्रॉन साखळी आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलते आणि पटलावर 150 ते 180 मिलिव्होल्टचा ताण तयार होतो. प्रोटॉन परततात ते एडीपीचं एटीपी करणाऱ्या एटीपी सिंथेज या एन्झाइममधून. एडीपी नसेल तर ही वाट बंद होते, ताण चढतो आणि साखळी मंदावते. पेशी मागणीपुरतंच इंधन जाळते ती या अडवणुकीमुळे. आमच्या नमुन्यात एकतर प्रोटॉन भलतीकडून परतत होते, नाहीतर एटीपी फुटून एडीपी पुन्हा पुन्हा तयार होत होतं.

दुसरी शंका आधी तपासली. एडीपीनंतर 1 मायक्रोग्रॅम ऑलिगोमायसिन घातलं. त्याने सिंथेज बंद होतं. दोष एटीपी फुटण्याचा असता तर उतार पार खाली आला असता. तो 80 वरून 60 वर आला आणि तिथेच अडला. म्हणजे गळतीच. मग 10 मायक्रोमोलर सायटोक्रोम सी, म्हणजे बाहेरचं पटल फाटलं की निसटणारं साखळीतलं प्रथिन: वेग वाढला नाही, म्हणजे ते पटल शाबूत. आणखी एक संशयित होता, आधीच्या प्रयोगातलं एफसीसीपी, म्हणजे प्रोटॉनना थेट पटलापार नेणारं रसायन. हा पदार्थ चेंबरच्या प्लंजरला आणि ढवळणीला चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने निघत नाही. इथेनॉलने बऱ्याचदा धुऊन पुन्हा मोजलं. पुन्हा 60.

शेवटी स्निग्धाम्लविरहित बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं, 1 मिलिग्रॅम. रेघ डोळ्यांदेखत वळली! वेग 20 वर आला. एडीपी दिल्यावर 85, तोही पाऊण मिनिटच, मग परत 20. त्या पाऊण मिनिटात 67 नॅनोमोल ऑक्सिजन गेला, म्हणजे रेणूमागे दोन धरून 134 नॅनोमोल अणू. 200 ला 134 ने भागा, दर अणूमागे किती एडीपीचं एटीपी झालं त्याचं उत्तर 1.5 च्या आसपास येतं, सक्सिनेटसाठी अपेक्षित तेवढंच. यंत्रणा धडधाकट होती, फक्त तिचा ताण टिकत नव्हता.

गळती मोकळ्या स्निग्धाम्लांची होती. ऊती बर्फात पोचायला उशीर झाला की कॅल्शियममुळे फॉस्फोलिपेज ए2 हे एन्झाइम जागं होतं आणि पटलाच्या लिपिडमधून स्निग्धाम्लं तोडतं. ती प्रोटॉन घेऊन पटल ओलांडतात, आत सोडतात आणि ऋणभारित रूपात एडीपी-एटीपी वाहकाच्या मदतीने परततात. फेरी चालूच राहते आणि ऑक्सिजन एटीपीविना जळतो. बीएसए ती स्निग्धाम्लं बांधून ठेवतं.

पुढच्या तयारीपासून 0.25 मोलर सुक्रोजच्या द्रावणात 1 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) आणि मिलिलिटरमागे 2 मिलिग्रॅम बीएसए घालायचं ठरलं. 600 जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या 600 पट) दहा मिनिटं फिरवून केंद्रकं काढायची, वरचं द्रव 8000 जी ला फिरवायचं आणि तपकिरी गाळावरचा फिकट, सैल थर काढून टाकायचा, कारण फुटके मायटोकॉन्ड्रिया त्यातच असतात. शेवटची धुलाई मात्र बीएसएविना. ते उरलं तर प्रथिनाच्या मोजणीत धरलं जातं आणि दर मिलिग्रॅमचा वेग खोटाच कमी दिसतो. चेंबरमध्ये बीएसए असेल तेव्हा एफसीसीपीही जास्त लागतं. तेही त्यालाच चिकटतं.