भरीत पार्टी, पण हतनूरच्या काठावर

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात हिवाळ्यातल्या रविवारी घरी थांबतं कोण? कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत ठरलेलंच असतं. यंदा मी हट्ट धरला की भरीत मळ्यात नको, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, तांदलवाडीच्या अंगाला करू. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लगेच पटलं. धरण होण्याआधीची तापी त्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे त्या बाजूला जायचं म्हटलं की ते आधी तयार. जाऊबाई मात्र म्हणाल्या, "पानीच पाह्यचं तं कोकनात जाऊ ना, तठी काय आहे?" तिथे काय आहे हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

तापी मुलताईहून निघते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते. आपल्याकडे चांगदेवला तिला पूर्णा येऊन मिळते, आणि संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचं धरण आहे. दर पावसाळ्यात "४१ दरवाजे उघडले" ही बातमी आपण सगळेच वाचतो. पण बघण्यासारखं जे आहे ते दरवाजे बंद झाल्यावर सुरू होतं. पाणी दोन्ही नद्यांच्या पात्रांत मागे मागे पसरत जातं, आणि ते खोल नसतं. वर्षानुवर्षांच्या गाळाने तळ उथळ झालेला आहे. पाणीसाठ्याच्या दृष्टीने हा गाळ मोठी चिंता आहे, त्यात वाद नाही. मात्र हिवाळ्यात कालव्याची आवर्तनं सुटतात, दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी जातं, पाणी उतरू लागतं आणि काठ आत सरकत राहतो. रोज थोडा नवा ओला चिखल उघडा पडतो. त्यात किडे, शिंपले, पाणवनस्पतींची मुळं, कोवळं गवत असं सगळं असतं, आणि पक्षी त्या सरकत्या काठाबरोबर सरकत असतात.

आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. मुलांना मी आधी पायाखालचं दाखवलं. ओल्या गाळावर पडदा असलेल्या पावलांचे ठसे एकमेकांत गुंतलेले होते आणि मधूनमधून बोटाएवढी विष्ठा पडलेली होती. पुतण्याने ती काडीने फोडली, तर आत हिरवट गवताचे धागे. "म्हणजे हे मासे खात नाहीत!" तो म्हणाला. वर्गात मी कितीही वेळा शाकाहारी-मांसाहारी शिकवलं तरी एवढं लख्ख डोक्यात शिरत नाही. मी विज्ञान शिकवते, म्हणून हे मनापासून सांगते.

धुकं विरलं आणि समोरच्या बेटासारख्या उंचवट्यावर ते दिसले. पट्टकदंब हंस. राखाडी अंग, पांढरं डोकं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, जणू कुणी काजळाचं बोट दोनदा ओढलं आहे. थवा मोठा होता, पण बहुतेक झोपलेले, एका पायावर, मान पाठीत खुपसून. कडेचे तीन-चार तेवढे मान ताठ करून उभे. बराच वेळ पाहिलं तेव्हा लक्षात आलं की पहाऱ्यावरचा एक मान खाली घालतो, तेव्हा दुसरा कुणी तरी वर काढतो.

हे हंस तिबेट, मंगोलियाच्या पठारांवरच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतात आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर बसवून उंची मोजली, तेव्हा एका हंसाची ७,२९० मीटरची नोंद मिळाली. तिथल्या विरळ हवेत आपल्याला चार पावलं टाकताना धाप लागेल, आणि हा पक्षी तिथे पंख मारत उडतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरून ठेवतं, फुप्फुसंही मोठी असतात. हे सगळं सांगितल्यावर मोठी पुतणी दुर्बीण सोडेनाच. जाऊबाईंनी दोनदा मागितली तेव्हा मिळाली.

त्यांच्या अलीकडे उथळ पाण्यात चक्रवाकाच्या जोड्या होत्या, नारिंगी, लांबूनही ओळखू येणाऱ्या. थापटे ही बदकं चोच पाण्यात घालून गोलगोल फिरत होती. तलवार बदकं, लालसरी, काळ्या अंगाचे पांढऱ्या कपाळाचे वारकरी, शेकाटे. नदी सुरय पाण्यावरून खाली-वर करत होता. एकदा मोरघार आली तशी बदकं पाण्यावरच दाटीवाटीने गोळा झाली. ती मासा घेऊन गेली आणि सगळी पुन्हा पांगली.

मला हे सगळं वेगळ्या नजरेने दिसायला लागलं त्याला एक कारण आहे. बहिणीची मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. मागे जानेवारीत तिच्याकडे गेले होते तेव्हा ती मला समुद्रकाठच्या एका स्टेट पार्कला घेऊन गेली. आन्यो नुएवो नाव. सॅन फ्रान्सिस्कोपासून दक्षिणेला साधारण ९० किलोमीटर, समुद्राला लागून जाणाऱ्या हायवेवर. स्टेट पार्क म्हणजे तिथल्या राज्य सरकारने राखलेली, लोकांना फिरायला खुली असलेली जागा. थंडीत तिथे एलिफंट सील किनाऱ्यावर येतात. नर दोन टनांच्या वरचे, नाक सोंडेसारखं लोंबतं. वाळूत पडलेले असतात, पिल्लं ओरडत असतात, नर एकमेकांवर छाती आपटतात, आणि वारा आपल्याकडे वळला की तो वास विसरता येत नाही.

पण मी तिथे जास्त पाहिली ती माणसं. १५ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात सीलच्या जागेकडे कुणालाही एकट्याने जाता येत नाही. आधी नाव नोंदवायचं आणि मार्गदर्शकासोबत गटाने वाळूच्या टेकड्यांमधून पाच-एक किलोमीटर चालायचं. हे मार्गदर्शक स्वयंसेवक असतात. आमच्या गटाची बाई निवृत्त झालेली होती, आणि ती सीलबद्दल असं बोलायची की घरच्यांबद्दल बोलते आहे. सीलपासून २५ फूट लांब राहायचं. खाणं न्यायचं नाही, कुत्रा न्यायचा नाही. लहान मुलं होती, काठी टेकत चालणारे आजोबा होते, कुणाच्या आनंदात काही कमी पडलेलं मला दिसलं नाही. चरबीच्या तेलासाठी या प्राण्याची इतकी शिकार झाली की १८९०च्या सुमारास मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर जेमतेम शंभरच्या आत उरले होते. नंतर संरक्षण मिळालं. आन्यो नुएवोच्या समोरच्या बेटावर पहिले सील १९५५ साली आले, आणि या किनाऱ्यावर पहिलं पिल्लू १९७५ साली जन्मलं. आता दर हिवाळ्यात हजारोंनी येतात. परतताना गाडीत माझ्या मनात हतनूरच होतं.

कारण आपल्याकडे त्या २५ फुटांचाच प्रश्न आहे. त्या रविवारी आम्ही शांत बसलो होतो, तेवढ्यात पलीकडून मोटारसायकलींवर पोरं आली. गाणी लावली, चिखल संपतो तिथपर्यंत गाड्या घातल्या, आणि फोटोसाठी एकाने हंसांच्या दिशेने दगड भिरकावला. सगळा थवा एकदम उठला. पंखांचा तो आवाज ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, खरंच. हे हंस बहुतेक रात्री चरतात, काठच्या गवतात, गहू-हरभऱ्यात. दिवस त्यांचा विश्रांतीचा. मार्चमध्ये तोच हिमालय परत ओलांडायचा, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक वेळी उठवलं की त्यातली थोडी जळते. मी पोरांकडे गेले आणि रागावण्याऐवजी दुर्बीण हातात दिली. दोघांनी पाहिलं. एकाने विचारलं, "मॅडम, हे खरंच मंगोलियातून आले?" गाणी बंद झाली. हंस मात्र लांब पूर्णेच्या बाजूला जाऊन उतरले, ते आम्हाला पुन्हा दिसले नाहीत.

भरिताची चूल आम्ही पाण्यापासून चांगली लांब, केळीच्या बागेच्या बांधावर मांडली होती. धूर तिकडे जायला नको म्हणून. वांगी बामणोदची, हिरवी, हातात धरली की तळहात भरेल एवढी. ती कपाशीच्या काड्यांच्या जाळावरच भाजायची, गॅसवरच्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही. साल करपून सुटायला लागली की देठ धरून गरम असतानाच सोलायची. हे काम नेहमी आबांचं, माझ्या दिरांचं, त्यांच्या बोटांना चटका लागतच नाही. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, ठेचायचा, त्यात वांगं घालून लाकडी मुसळाने एकजीव करायचं. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि भरपूर कांद्याची पात. केळीच्या पानावर पुऱ्या, कळण्याची भाकरी आणि भरीत. त्यावर बोलण्यासारखं काही राहत नाही, माणूस जेवतो.

जेवल्यावर नाना तापीचं सांगत बसले. १९८२ साली धरण पूर्ण झालं. त्याआधी इथे उन्हाळ्यात वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या असायच्या, रात्री राखणीला लोक वाळूतच झोपायचे. महाशिवरात्रीला चांगदेवच्या यात्रेला जायचं तर पात्रातून चालत. धरणाने ती नदी गेली, गावं उठली, काही घरांचं झालेलं दुःख अजून बोललं जातं. त्याच धरणाच्या पाण्यावर आज इथली केळी उभी आहे आणि हे पक्षी येतात. नाना दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि त्यातली कुठलीही कमी करत नाहीत. मला ते फार योग्य वाटतं.

निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्याच्या मागे साचलेलं, गाळाने उथळ झालेलं पाणीच आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. तिथे मनोरे आहेत, दुर्बिणी मिळतात, गावातली मुलं मार्गदर्शक म्हणून काम करतात. हतनूरला एवढं सगळं उद्या व्हावं असं मी म्हणत नाही. पण डिसेंबर ते फेब्रुवारी गाड्यांना चिखलाच्या बऱ्याच अलीकडे थांबवणारा एक अडसर, बाभळींच्या आडोशाला बसायला झावळ्यांची भिंत, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रविवारी समजावून सांगणारी दोन माणसं, एवढं तर गावाला जमेल? वरणगाव-भुसावळकडचे पक्षीमित्र वर्षानुवर्षं नोंदी ठेवत आले आहेत, त्यांना विचारून करता येईल. आमच्या शाळेची नववीची मुलं पाळीने उभी राहायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे. तांदलवाडी, मेहूण, चांगदेव या बाजूंचं कुणी हे वाचत असेल तर मला जरूर कळवा.

आणि जाणार असाल तर जानेवारी उत्तम. भुसावळ-खंडवा मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं आहेत, पुढे आपली गाडी हवी. उजाडायच्या आत पोचा. रावेरच्या काठावरून ऊन डोळ्यांवर येतं, तेव्हा टोपी घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला. ओल्या गाळात पुढे जाऊ नका, वरून सुकलेला दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत जातो. संक्रांतीच्या आसपास बाभळींवर नायलॉनचा मांजा अडकलेला असतो, हाताला येईल तेवढा गुंडाळून घरी घेऊन या. वांगी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, रविवारी सकाळी बामणोदला चांगली उरत नाहीत.