एकच होता

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला लाईनमन म्हणून उभं राहायचं म्हणजे पाठ प्रेक्षकांकडे करून उभं राहायचं. त्या पाठीवर काय काय येऊन पडतं ते विचारू नका. आठवडाभर मी शाळेत पीटी शिकवतो, मॅचच्या दिवशी हातात झेंडा असतो. त्या दिवशी दोन तालमींच्या संघांची मॅच होती, 1-1 बरोबरी, शेवटची पाचेक मिनिटं.

माझ्याच कोपऱ्यात कॉर्नर मिळाला. ऑफसाईड म्हणजे सहकाऱ्यानं बॉल खेळला त्या क्षणी बॉल आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोलच्या जवळ असणं. कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाईड नसतो; थ्रो-इन आणि गोलकिकवरही नसतो. म्हणून अशा वेळी आम्ही कोपऱ्यातल्या झेंड्यामागे, गोललाईनच्या रेषेत उभे राहतो. बॉलनं रेषा पूर्ण ओलांडली का, एवढंच बघायचं असतं. पण बॉलला दुसऱ्या सहकाऱ्याचा पाय किंवा डोकं लागलं की हिशेब नव्यानं मांडावा लागतो, आणि तोही त्याच क्षणाचा.

कॉर्नर आला. गोलकीपर ठोसा मारायला धावत बाहेर आला आणि चुकला. गर्दीतून एकानं हेड मारला, बॉल गोलसमोर गेला. तिथं हेड मारणाऱ्याच्याच संघाचा फॉरवर्ड उभा, गोलपासून दोन पावलांवर. एक डिफेंडर खांबाला चिकटून गोललाईनवर. फॉरवर्डनं नुसता पाय लावला. गोल!

माझा झेंडा वर.

हेडच्या क्षणी मी गोललाईनकडून मोजलं होतं. पहिला, खांबाजवळचा डिफेंडर. दुसरा, सहा यार्डांच्या रेषेवर अडखळलेला स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर. गोलकीपर गोलपासून त्याच्याहीपेक्षा लांब, बॉलपाशी. फॉरवर्ड पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे, आणि बॉलपेक्षाही गोलच्या जवळ. दुसऱ्याच्या बरोबरीत असता तरी चाललं असतं. तो चांगला चार यार्ड पुढे, गोलकडे होता. एरवी खांदा पुढे की गुडघा पुढे यावर झेंडा उचलताना माझ्याही पोटात गोळा येतो, आणि आमच्याकडे रिप्ले बघायची सोय नाही. इथं तसं काहीच नव्हतं.

रेफ्रीनं शिट्टी वाजवली, मी झेंडा आडवा धरला, म्हणजे गुन्हा मैदानाच्या मधल्या भागात. इनडायरेक्ट फ्री किक. मग गोल नाकारलेल्या संघाचा कॅप्टन धावत आला.

"सर, लाईनवर माणूस हुता की वो!"

"होता. एकच होता."

"मग? गोलकीपर वेगळा न्हवं?"

खरी गाठ इथंच आहे. नियमात गोलकीपरचं नाव नाही. 'शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी' एवढंच आहे. एरवी शेवटचा गोलकीपर असतो, म्हणून सगळ्यांना सवय लागते एकच डिफेंडर बघायची. तो बाहेर आला की सवय फसते. 1925 पूर्वी तर दोनऐवजी तीन माणसं लागायची. तेव्हाच्या लाईनमनचं काय होत असेल!

कॅप्टनला दोष कसा देऊ? 2010 च्या वर्ल्ड कपची पहिली मॅच, दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. असाच कॉर्नर, असाच बाहेर आलेला गोलकीपर, लाईनवर एकटा डिफेंडर. कार्लोस व्हेलाचा गोल नाकारला तेव्हा मी टीव्हीसमोर त्या लाईनमनला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. त्याचंच बरोबर होतं, हे मला रेफ्रीच्या परीक्षेचा अभ्यास करताना कळलं.

मॅच बरोबरीत सुटली. गेटपाशी एक म्हातारे काका थांबले होते. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"मास्तर, गोलकीपर पुढं आला तर मागं दोघं लागत्यात, असंच न्हवं?"

"दोघं तरी. नाहीतर फॉरवर्डनं बॉलच्या मागं राहायचं."

"मी त्येच सांगत हुतो तिथं. कुणी ऐकंना."

बरं वाटलं. गाडीपाशी गेलो, तर मागच्या चाकात हवा नव्हती. काकांनी पंप कुठं मिळेल तेही सांगितलं.