शेवटी गुळण्याच!

"एवढ्या मोठ्या औषधांच्या दुकानात आणलंस आणि शेवटी मिठाच्या पाण्याच्या गुळण्याच?" आई गाडीत बसता बसता म्हणाली.

रविवार दुपार, न्यू जर्सी. तिला आवंढाही गिळवत नव्हता. पाहुणी म्हणून आलेली, त्यामुळे इथे तिचा डॉक्टर नाही. घशासाठी इमर्जन्सीत जाणं म्हणजे खिशाला कात्री. म्हणून फार्मसीतल्या क्लिनिकमध्ये गेलो. शाम्पूच्या रांगेपलीकडे छोटीशी खोली आणि बाहेर चक्क दरपत्रक! (इथल्या हॉस्पिटलचं बिल कधी कधी महिन्याने कळतं.)

तपासायला नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषध लिहून देऊ शकणारी, जास्त शिकलेली नर्स). घशाचा स्वॅब घेतला, थोड्याच वेळात स्ट्रेप (घशाचा जिवाणूसंसर्ग) निगेटिव्ह. व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको. दहा पावलांवर औषधांचा काउंटर, तरी एक गोळी दिली नाही. "आपल्या मेडिकलवाल्याने न बघता तीन गोळ्या बांधून दिल्या असत्या," इति मातोश्री. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

२००० साली मिनियापोलिसकडे अशी क्लिनिकं सुरू झाली, ती अशाच किरकोळ दुखण्यांसाठी. तिथवर उत्तमच.

पण निघताना त्या नर्सने आईचं बीपी पाहिलं. १६०/९४. "हे तुमच्या डॉक्टरांना नक्की दाखवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या?"

घसा आता बरा आहे. ते आकडे मात्र फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर तसेच. इकडे चार-सहा महिने राहणाऱ्या आईवडिलांचं बीपी-शुगर तुमच्याकडे कोण बघतं?