तुम्ही विचारलंत म्हणून : शस्त्राने राज्यव्यवस्था बदलते का?

यादवी युद्धांविषयी मी लिहितो, म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शस्त्रामुळे सत्तेवरची माणसे बदलतात, हे उघडच आहे. व्यवस्थेला मात्र आकार येतो तो शस्त्र खाली ठेवताना घातलेल्या अटींमुळे, असे माझे मत आहे. त्या अटी घाईत आणि परस्परांच्या धास्तीपोटी ठरतात, आणि एकदा कायद्यात शिरल्या की हलता हलत नाहीत.

बोस्नियाचे पाहा. सुमारे एक लाख माणसे मारली गेल्यावर, नोव्हेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेतील डेटन येथील हवाई तळावर समझोता ठरला आणि त्याचे चौथे परिशिष्ट हीच त्या देशाची राज्यघटना झाली. अध्यक्षपद तिघांत वाटले गेले : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील १५ जागाही याच तिघांत, प्रत्येकी पाच. गोळीबार थांबला, हे यश लहान नव्हे. पण जे या तिघांपैकी नाहीत त्यांचे काय? देर्वो सेज्दिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू, दोघेही त्याच देशाचे नागरिक. दोघांनाही या पदांसाठी उमेदवारीच करता येत नव्हती. २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, तरी त्यानंतर दशकभराहून अधिक काळ लोटूनही ती तरतूद तशीच राहिली, कारण ज्यांच्या संमतीने ती बदलायची त्यांची सत्ताच तिच्यावर उभी आहे. ज्यांनी बंदूक हाती घेतली नाही त्यांना वाटाघाटीत जागा मिळाली नाही; मला यात सर्वांत मोठा अन्याय दिसतो.

राजेशाही संपवणारे माओवादी बंड म्हणून नेपाळचे उदाहरण मला हमखास ऐकवले जाते. १९९६ पासून दहा वर्षे चाललेल्या त्या युद्धाने राजसत्ता खिळखिळी केली, हे खरे. पण राजाला माघार घ्यावी लागली ती एप्रिल २००६ मध्ये, सात पक्ष आणि नि:शस्त्र माणसे १९ दिवस रस्त्यावर उतरली तेव्हा. नंतर माओवाद्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली, किल्ल्या त्यांच्याच हाती राहिल्या, आणि लष्करानेही तितकीच शस्त्रे कुलपात ठेवली. कोणीही शरण गेले नाही, म्हणूनच २००८ ची संविधान सभेची निवडणूक दोन्ही बाजूंना लढवता आली, असे मी मानतो.

जेत्याने स्वतःच्या हाताने शस्त्र दूर सारल्याची उदाहरणे फार थोडी. कोस्टा रिकात १९४८ मध्ये निवडणुकीचा निकाल रद्द केला गेला म्हणून यादवी पेटली. ती जिंकणाऱ्या होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी सैन्य बरखास्त केले, १९४९ च्या राज्यघटनेने कायमस्वरूपी सैन्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी त्यांनी सत्ता सोपवली ती निकाल रद्द झालेल्या निवडणुकीतील विजेते ओतिलियो उलाते यांच्याकडे. फिगेरेस स्वतः १९५३ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, ते निवडणूक जिंकून.