आधी काठी घेतली, मग मासा विचारला

मासे गरवायची माझी पहिली काठी बारा फुटांची. मुंबईच्या दुकानात शेटने विचारलं, ‘‘कुठे टाकणार?’’ मी ऐटीत सांगितलं, ‘‘अलिबागकडे. समुद्रात.’’ झालं. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी, नारळाएवढं रीळ आणि त्यावर आधीच गुंडाळलेली जाडजूड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, असा साडेतीन हजारांचा जोड त्याने हातात ठेवला. त्याची काही चूक नव्हती. मला गरवायचं होतं रेवदंड्याच्या आत, कुंडलिकेच्या खाडीत, आणि मी सांगून बसलो समुद्र.

आमची जागा म्हणजे खारबांधाची उघाडी. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांध, आणि आतलं पाणी ओहोटीला बाहेर पडावं म्हणून त्यात ठेवलेलं दार. पाणी निघालं की त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयट माशांची पिल्लं बाहेर येतात आणि तोंडाशी जिताडा टपून असतो. पायाखाली चिखल, डोक्यावर तिवरांच्या फांद्या. तिथे बारा फुटी काठी मागे नेली की तिवरात, पुढे आणली की पलीकडच्या तिवरात. त्यातून आमिष सुटलंच तर पंधरा फुटांवर टपकन पडायचं.

शेजारचे नाना तिथे वर्षानुवर्षं गरवतात. त्यांचं सगळं सामान म्हणजे पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, एक गरी, म्हणजे गळ, आणि जिवंत बोयट. दोन दिवस त्यांनी माझी कसरत पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘नारल पाडाला आनलीस काय रं ही?’’ मग बिडी विझवून विचारलं, ‘‘मासा कंचा पायजे? टाकनार काय? आनि लागला तर वडनार कुठं?’’

खरेदीच्या वेळी यातला एकही प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

मासा ठरलेला होता: जिताडा. गोव्यात हाच चोणक, इंग्रजीत एशियन सी-बास, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. मी महिनाभर ‘बास’ असं शोधून जे व्हिडिओ पाहिले ते सगळे अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचे निघाले. तो गोड्या पाण्यातला, वेगळ्याच कुळातला मासा. त्या तळ्यांतल्या गमती आपल्या खाडीला जशाच्या तशा लागू होत नाहीत. एक सवय मात्र दोघांची सारखी. आडोशाला दबा धरायचा आणि भक्ष्य घेतलं की परत आडोशातच घुसायचं. म्हणजे नानांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ओढायला जागा नाहीच. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याला तिवरांच्या मुळांपासून वळवता आलं पाहिजे.

काय टाकणार, याचं उत्तर सोनाराच्या काट्यावर मिळालं. ओळखीचा होता म्हणून हसून का होईना, वजन करून दिलं. रबरी कोळंबी शिशाच्या डोक्यासकट १४ ग्रॅम, प्लॅस्टिकचा पोहणारा मासा २१ ग्रॅम. घरी येऊन बारा फुटीच्या मुठीजवळ पाहिलं, तर तिथे आमिषाचं वजन चक्क छापलेलं होतं: १०० ते २५० ग्रॅम. ती काठी किनाऱ्यावरून मोठं शिसं लांब फेकायची. १४ ग्रॅमने ती वाकणार तरी कशी? आणि काठी वाकल्याशिवाय आमिष सुटत नाही, बेचकीचं रबर ताणल्याशिवाय दगड सुटत नाही तसं.

दुसरी काठी घेताना म्हणून आधी तो आकडाच पाहिला. १० ते ३० ग्रॅम, सात फूट, दोन तुकड्यांत निघणारी. त्यावर ‘मीडियम हेवी’ आणि ‘फास्ट’ असे दोन शब्द होते. मला ते एकाच गोष्टीचे वाटत. पहिला शब्द ताकदीचा, म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो. दुसरा वाकण्याच्या जागेचा. फास्ट म्हणजे फक्त टोकाकडे वाकते, कमरेत ताठ राहते. जिताड्याला मुळांतून काढायचं तर कंबर ताठ हवीच. काठी कार्बनची, हलकी. दोन तास फेकूनही मनगट भरून येत नाही. पण कार्बनमधून वीज जाते, म्हणून वरून तारा गेलेल्या असतील तिथे ती उभी करत नाही आणि मे अखेरीस ढग गडगडले की गुमान घरी येतो.

रिळाच्या वेळी मोह झालाच. व्हिडिओतले सगळे पट्टीचे लोक काठीच्या वर बसणारं बेटकास्टर रीळ वापरतात. ठाण्याच्या मावसभावाकडून एक मागून आणलं. दुपारचा पश्चिमेचा वारा, समोरून. आमिष हवेत थबकलं, चकती मात्र गरगरत राहिली आणि रिळावर सुगरणीचं घरटं तयार झालं. ते सोडवता सोडवता ओहोटी संपली. सरावाने जमत असेल, पण मला शनिवार-रविवारची ओहोटी मिळते. मुकाट्याने काठीखाली लटकणारं साधं स्पिनिंग रीळ घेतलं, ४००० आकाराचं. दुकानात बेअरिंग किती यावर फार बोलतात. मी त्याऐवजी ब्रेक, म्हणजे ड्रॅग, हाताने ओढून पाहिला. झटके न देता दोरी सुटते का, एवढंच.

दोरीवर मात्र मी सगळ्यात कमी विचार केला आणि तिथेच मार खाल्ला. साधी तंगूस ताणते. लांबवर माशाने तोंड लावलं तर इथे पत्ता लागत नाही आणि हिसका द्यावा तर अर्धा ताणातच जातो. म्हणून विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, घेतली, ३० पौंडांची. तेवढ्याच ताकदीच्या तंगुशीपेक्षा बरीच बारीक आणि ताण जवळपास नाही. पहिल्या दिवशी ती गुळगुळीत रिळावर नुसती फिरायलाच लागली. मूठ फिरवतोय, दोरी येतेच ना! खाली तंगुशीचे दहा-बारा वेढे देऊन त्यावर ब्रेड गुंडाळली, मग बसली. ड्रॅग घरच्या ताणकाट्याला दोरी बांधून लावला. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर, त्याचा साधारण पाव हिस्सा, म्हणून काटा तीन किलोंवर आला की दोरी सुटेल इतका.

ब्रेडच्या टोकाला लीडर, म्हणजे आमिषाच्या आधी वेगळ्या दोरीचा तुकडा लागतो, हे ठाऊक होतं. घरात २० पौंडांचा फ्लुरोकार्बन, ही पारदर्शक दोरी, पडला होता, तोच जोडला. त्या दिवशी पंचमी. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे चारनंतर ओहोटी. पाचच्या सुमारास उघाडीच्या कोपऱ्यात रबरी कोळंबी पडली आणि काठी खाली गेली. जिताडा पाण्याबाहेर अख्खा उडाला, डोकं झाडलं, आणि माझ्या हातात हलकी काठी राहिली.

नानांनी तुटकं टोक बोटांत घेतलं. गाठ सुटली असती तर टोक पिळलेलं, कुरळं दिसतं. हे सुरीने कापल्यासारखं होतं. ‘‘कल्ल्यानं कापली,’’ ते म्हणाले. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार किती असते, हे मासे साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. माझ्या आईला ते माहीत होतं. मला नव्हतं.

पुढचा आठवडा खिडकीच्या गजाला दोरी बांधून एफजी गाठ शिकण्यात गेला. ब्रेड जाड लीडरवर एकदा वरून, एकदा खालून अशी वीसेक वेळा घट्ट लपेटायची. गाठ सपाट बसते आणि काठीच्या कड्यांतून अडखळत नाही. लीडर या वेळी ५० पौंडांचा, हातभर लांब. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

दोन आठवड्यांनी, त्याच कोपऱ्यात, त्याने पुन्हा उडी मारली. या वेळी काठी खाली झुकवली, दोरी ढिली होऊ दिली नाही. मुळांकडे वळला, ड्रॅग दोनदा कुरकुरला, मग तोंड फिरलं. सव्वादोन किलो. लीडरवर बोट फिरवलं तर वीतभर अंतर खरवडून पांढरं झालेलं. अर्धा मासा नानांकडे गेला.

संध्याकाळी अंगणात रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिपका मारत होतो. ड्रॅग आवळून, नाहीतर पाणी आतल्या चकत्यांत जातं. पहिलं रीळ न धुताच गंजून बसलं होतं. नाना कुंपणाशी येऊन उभे राहिले. रीळ पाहिलं, काठी पाहिली, दोन्ही बाजूला सारली.

‘‘ती जाडी पारदर्शक तंगूस हाय नं तुजी,’’ ते म्हणाले, ‘‘दोन वाव दे. माज्या बाटलीला लावतो.’’