बक्षीस राखून ठेवणारा दाता

नव्वदच्या दशकात मोबाइल नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्ये आलेल्यांना 'प्लॅनेट' नावाचं सॉफ्टवेअर आठवत असेल. डोंगरटेकड्यांची उंची असलेला नकाशा घ्यायचा, अँटेनाची दिशा, उंची, पॉवर भरायची आणि रन लावून जेवायला जायचं. परत येईपर्यंत स्क्रीनवर रंग भरलेले असायचे. हिरवं म्हणजे फोन लागेल, लाल म्हणजे विसरा. ते सॉफ्टवेअर एमएसआय नावाच्या कंपनीचं होतं, आणि कंपनीचा मालक एक सुदानी इंजिनिअर होता, मो इब्राहिम. पुढे आफ्रिकेतला मोबाइल आणि आफ्रिकेतला 'चांगला कारभार' या दोन्ही गोष्टी निघाल्या की हे नाव येतंच. मला ते आवडण्याचं कारण मात्र बातम्यांमध्ये फारसं येत नाही, म्हणून हे लिहितोय.

जन्म १९४६ चा, सुदानमधल्या न्युबियन कुटुंबातला. लहान असतानाच घर इजिप्तला आलं आणि अलेक्झांड्रिया विद्यापीठातून ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. सुदानच्या सरकारी टेलिफोन खात्यात नोकरी केली, १९७४ मध्ये इंग्लंड गाठलं, ब्रॅडफर्डला मास्टर्स आणि बर्मिंगहॅमला मोबाइल संदेशवहनात पीएचडी केली. अरब उद्योगपतींच्या याद्यांमध्ये त्यांचं नाव असतं, आफ्रिकन उद्योगपतींच्या याद्यांमध्येही असतं. ते स्वतः बोलतात ते बहुतेक आफ्रिकेबद्दलच.

१९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या सेलनेटमध्ये ते टेक्निकल डायरेक्टर झाले. ब्रिटनमधलं मोबाइल नेटवर्क उभं करणाऱ्या पहिल्या फळीतले हे लोक. पण मोठ्या कंपनीत मोबाइलला कोणी फारसं मोजत नव्हतं. १९८९ मध्ये राजीनामा देऊन त्यांनी घरच्या डायनिंग टेबलावर एमएसआय सुरू केली. जगभरच्या ऑपरेटरांना, म्हणजे मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांना, नेटवर्क आखून द्यायचं, त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकायचं, असा धंदा. २००० साली ती मार्कोनी या ब्रिटिश कंपनीने विकत घेतली.

तोपर्यंत डोक्यात दुसरंच काही सुरू झालं होतं. जगभर मोबाइलच्या परवान्यांसाठी उड्या पडत असताना आफ्रिकेतले परवाने जवळजवळ फुकटात मिळत होते आणि कोणी घ्यायला तयार नव्हतं. इब्राहिम एक किस्सा सांगतात. युगांडाचा परवाना घ्या, असं त्यांनी एका मोठ्या ऑपरेटरच्या अधिकाऱ्याला सुचवलं, तर तो म्हणाला, त्या वेड्या इदी अमीनच्या देशात धंदा करायचाय हे मी बोर्डाला कुठल्या तोंडाने सांगू? युगांडाचा हुकूमशहा अमीन, त्याला पळून जाऊन तेव्हा दशकाहून जास्त काळ लोटला होता. तो १९७९ मध्येच पळाला. लाखोंचे पगार घेणाऱ्या लोकांचं आफ्रिकेबद्दलचं ज्ञान असं होतं.

मग १९९८ मध्ये त्यांनी स्वतःच ऑपरेटर कंपनी काढली. तीच पुढे सेलटेल. युगांडा, झांबिया, मलावी, सिएरा लिओन, गॅबॉन, दोन्ही काँगो, चाड, टांझानिया. बँका दीर्घ मुदतीचं कर्ज द्यायला तयार नव्हत्या, त्यामुळे बराचसा पसारा भागभांडवलावर उभा राहिला.

सेलटेलमध्ये मी कधी नव्हतो. पण काही काळ झांबियात उपकरणांच्या कंत्राटावर होतो, त्यामुळे तिथली मोबाइल टॉवरची साइट म्हणजे काय हे चांगलंच माहीत आहे. ग्रिडची वीज नाही, म्हणून दोन जनरेटर, पाळीपाळीने चालणारे. पावसात रस्ता गायब. टॉवरखालच्या उपकरणांच्या खोलीच्या, म्हणजे शेल्टरच्या दाराशी रखवालदाराचा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर गावातले दहाबारा फोन चार्जिंगला लावलेले. त्याची ती वरकमाई, आणि आमची त्याला काही हरकत नसायची. डिझेलच्या रजिस्टरमध्ये भरलेले लिटर आणि जनरेटर चाललेले तास यांचा मेळ मात्र कधी बसायचा नाही. ही खालची गळती. ती धरून हिशेब करायचा हे प्रत्येक इंजिनिअर लवकरच शिकतो.

वरची गळती वेगळी. परवाना, फ्रिक्वेन्सी, उपकरणं बंदरातून सोडवणं, टॉवरला जागा. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी हात पुढे करून बसलेला असतो. लाच द्यायची नाही असं ठरवणं सोपं, पण त्या देशात बसलेल्या मॅनेजरने मंत्र्याच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? सेलटेलने यावर जी तोड काढली ती मला फार आवडते. ३०,००० डॉलरच्या वरचा कुठलाही खर्च थेट संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय करायचा नाही. बस, एवढाच नियम. मॅनेजर निवांतपणे सांगू शकत होता, साहेब, माझ्या हातात काही नाही, बोर्डाकडे कागद जाईल आणि बोर्ड विचारेल हे पैसे कशाचे. मागणारा कागदाला जितका घाबरतो तितका पोलिसालाही घाबरत नाही. नीतिमत्तेची भाषणं ऐकवून जे झालं नसतं ते या एका अटीने केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्किटमध्ये फ्यूज टाकला.

काँगो नदीच्या एका काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्या काठावर किन्शासा. दोन देशांच्या राजधान्या, पण एकीच्या काठावरून दुसरी दिसते. तरी या काठावरून त्या काठावर फोन करायचा तर कॉल उपग्रहावरून युरोपला जाऊन परत यायचा, आणि बिलही तसंच यायचं. सेलटेलने नदीवरून मायक्रोवेव्हची लिंक टाकली. तांत्रिकदृष्ट्या हे एका दिवसाचं काम, दोन डिश समोरासमोर लावायच्या. अवघड भाग दोन्ही सरकारांच्या परवानग्यांचा. २००६ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत सेलटेलचं 'वन नेटवर्क' आलं, सीमा ओलांडली तरी रोमिंगचा भुर्दंड नाही. युरोपला हे जमायला आणखी ११ वर्षं लागली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आफ्रिका म्हणजे कायम दुसऱ्यांच्या मागून चालणारी, असा लोकांचा समज असतो.

'वन नेटवर्क' येईपर्यंत कंपनी मात्र विकली गेली होती. २००५ मध्ये कुवेतच्या एमटीसीने सेलटेल ३.४ अब्ज डॉलरला घेतली. एमटीसीचं पुढे झैन झालं, आणि २०१० मध्ये झैनने आफ्रिकेतला बहुतेक धंदा भारती एअरटेलला १०.७ अब्ज डॉलरला विकला. सुदान झैनने स्वतःकडेच ठेवलं. सेलटेलच्या कर्मचाऱ्यांकडेही शेअर होते, आणि विक्रीनंतर त्यांतले शंभरएक जण डॉलरमध्ये दशलक्षाधीश झाले, असं इब्राहिम सांगतात.

आता दानधर्माकडे येतो. २००६ मध्ये मो इब्राहिम फाउंडेशन निघालं. शाळा, दवाखाने, विहिरी असा नेहमीचा रस्ता त्यांनी धरला नाही. त्यांचं म्हणणं असं की आफ्रिकेचा प्रश्न पैशाचा कमी आणि कारभाराचा जास्त आहे. म्हणून २००७ पासून त्यांनी आफ्रिकन देशांच्या कारभाराचा निर्देशांक काढायला घेतला. सुरुवातीला सहाराच्या दक्षिणेचे देश होते, आता सगळे ५४ आहेत. कायद्याचं राज्य, सुरक्षितता, मानवी हक्क, आरोग्य, शिक्षण, आर्थिक संधी, प्रत्येकाला गुण. मला यात प्लॅनेट बनवणाराच माणूस दिसतो. आधी मोजा, नकाशावर लाल कुठे आहे ते दाखवा, मग बोला.

गाजलं ते बक्षीस. लोकशाही मार्गाने निवडून आलेला, घटनेने दिलेली मुदत संपताच खुर्ची सोडणारा, गेल्या तीन वर्षांत पायउतार झालेला आणि काम असामान्य असलेला आफ्रिकेतला राष्ट्रप्रमुख. त्याला १० वर्षांत मिळून ५० लाख डॉलर आणि त्यानंतर दरवर्षी २ लाख, तहहयात, अशी मूळ रचना. पहिलं बक्षीस २००७ मध्ये मोझांबिकच्या जोआकिम चिसानोंना. निवड समितीचे अध्यक्ष होते संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान. पुढच्या वर्षी बोट्स्वानाचे फेस्टस मोगाए.

टीका व्हायचीच. चोरी करू नये म्हणून चोराला बक्षीस द्यायचं का? अब्जावधी लाटणाऱ्याला ५० लाखांचं काय कौतुक? दुसरा आक्षेप मलाही पटतो. जो खजिना रिकामा करायला बसलाय तो या बक्षिसासाठी थांबणार नाही. इब्राहिम यांचा युक्तिवाद आहे की प्रामाणिक नेत्याला निवृत्तीनंतर युरोप-अमेरिकेतल्यासारखी व्याख्यानांची कमाई किंवा कंपन्यांची पदं मिळत नाहीत, म्हणून त्याची सोय हवी. ठीक आहे, पण त्याने मी फार हलत नाही.

मला भावतात ती रिकामी वर्षं. २००९ मध्ये कोणालाच दिलं नाही. मागच्या तीन वर्षांत घानाचे कुफूर, दक्षिण आफ्रिकेचे म्बेकी, नायजेरियाचे ओबासांजो पायउतार झाले होते. तरी समिती म्हणाली, नाही. २०१० रिकामं. २०११ मध्ये केप व्हर्देचे पेद्रो पिरेस. २०१२, २०१३ पुन्हा रिकामं. २०१४ ला नामिबियाचे पोहांबा, मग दोन वर्षं काही नाही, मग २०१७ साठी लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सर्लिफ. पैसा तयार आहे, समारंभाला पाहुणे येतील, वर्तमानपत्रं फोटो छापतील, आणि तरीही पात्र माणूस नाही म्हणून हात आखडता घ्यायचा. आपल्या नावाचं बक्षीस असलेल्या किती जणांना हे जमतं? इतर ठिकाणी निकष हळूच सैल होतात, कारण बक्षीस दिलं नाही तर देणाऱ्याचाही सत्कार होत नाही.

दिलेल्या निवडींवरही काळ आपली शाई सांडतोच. २०२० चं बक्षीस नायजरच्या महामदू इसुफूंना मिळालं, दोन मुदती संपताच त्यांनी सत्ता सोडली म्हणून. त्या देशात एका निवडून आलेल्या अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे सत्ता जाण्याची ती पहिलीच वेळ. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या वारसदाराला, मोहम्मद बझूम यांना, राष्ट्रपती भवनाच्या रक्षकांनीच पकडून ठेवलं आणि लष्कराने सत्ता घेतली. यात समितीचं चुकलं असं मला वाटत नाही. इसुफूंनी जे करायचं ते केलं होतं. फक्त एका माणसाला गौरवून संस्था बळकट होतात का, हा प्रश्न मी इब्राहिम यांना विचारला असता, आणि सोबत हेही की सेलटेलच्या त्या ३०,००० डॉलरच्या अटीसारखं काहीतरी सरकारांसाठी का नाही आखलं. राष्ट्रपतींना बक्षीस देण्यापेक्षा त्यांच्या सहीवर मर्यादा घालणारा नियम मला जास्त उपयोगाचा वाटतो.