गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या गाडीचा माझा अनुभव

माझी गाडी 2006 ची, पेट्रोल हॅचबॅक. 15 वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून पुढच्या 5 वर्षांसाठी रीतसर रिन्यू केलेली, त्यामुळे "विकून टाक ना आता" हा सल्ला द्यायचा असेल तर तो घरच्यांनी आधीच देऊन झालाय.

प्रॉब्लेम असा की चालता चालता इंजिन बंद. झटके नाहीत, मिसिंग नाही, धूर नाही, एकदम गप्प. ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागतात, सेल्फ मारला तर फिरतो पण गाडी धरत नाही. अर्धा तास बाजूला उभं राहिलं की पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा आठवडा-आठवडा काही नाही. आणि मग उन्हाळ्यात दुपारी कात्रज चौकात, मागे पीएमटी, हॉर्नचा कल्लोळ.

सर्व्हिस सेंटरबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. सकाळी गाडी लावायची, अ‍ॅडव्हायझर सगळं लिहून घेणार, मी सांगणार की थंड असताना काही होत नाही, तासभर चालल्यावर होतं, तो मान डोलावणार. संध्याकाळी फोन, "मॅडम, ट्रायल घेतली, गाडी एकदम ओके आहे." जॉबकार्डवर तेच, प्रॉब्लेम आढळला नाही. मी सोडताना किलोमीटरचा फोटो काढून ठेवला होता, परत घेताना बघितलं तर 2 किलोमीटर वाढलेले. दिवसभर यार्डात सावलीत उभी केलेली गार गाडी सोसायटीला एक चक्कर मारून आणली आणि ओके! अरे तिला गरम तरी होऊ द्या. हे म्हटलं तर म्हणतो, तुमचा क्लच सोडताना काही होत असेल, जरा सरांना फोन देता का? म्हटलं सरांना गाडी चालवता येत नाही, द्यायचा तर देते.

मग पार्ट बदलायला सुरुवात. एकदा प्लग, एकदा फ्युएल फिल्टर, एकदा थ्रॉटल बॉडी साफ (सिग्नलला उभी असताना किंवा एसी लावल्यावर रनिंग पडून बंद होत असेल तर हे खरंच उपयोगी आहे, माझी तर साठच्या स्पीडला बंद पडायची). दर वेळी बिल, दर वेळी "आता बघा काही होणार नाही मॅडम", आणि दर वेळी काही दिवसांनी मी रस्त्याच्या कडेला हॅझर्ड लावून. शेवटी म्हणाले टाकीतला पंप बदलू या. खात्रीने जाईल का? "तशी गॅरंटी नाही देता येणार." मग कशाला बदलायचा? त्यावर उत्तर नाही, कॅल्क्युलेटरवर लेबर धरून आकडा मात्र तयार. पंपाचं प्रेशर गेज लावून बघितलं का विचारलं तर "ते लागत नाही मॅडम, अनुभवावरून कळतं." त्या वाक्याला मी चावी उचलली आणि गाडी घेऊन आले.

स्कॅनर का नाही लावला असं विचाराल. त्यांनी त्यांचा लावला, फॉल्ट कोड शून्य. मी ऑनलाइन घेतलेला ब्लूटूथवाला कनेक्टच झाला नाही, आपल्याकडे गाड्यांना ओबीडी (स्कॅनरला फॉल्ट कोड देणारी गाडीतली यंत्रणा) सक्तीचं झालं ते 2010 पासून, त्याआधीच्या गाड्यांत चालेल की नाही हे नशीब. आणि कोड नसणं म्हणजे फॉल्ट नसणं नव्हे, हे मला नंतर कळलं.

बिबवेवाडीकडे एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, शटरएवढंच दुकान. त्यांनी बोनेटही उघडलं नाही, आधी विचारलं, "ताई, बंद पडते तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो?" मी म्हटलं गाडी गिअरमध्ये पळत असते आणि काटा धाडकन शून्यावर. तेवढ्यावर त्यांचा निम्मा निकाल लागला. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी हिसके देते, आणि गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनला फिरवत असतात म्हणून काटा स्पीडबरोबर सावकाश उतरतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य, म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचत नाहीये. ती बातमी देतो क्रँक सेन्सर. त्याचा सिग्नल गेला की ईसीएमला वाटतं इंजिन थांबलं, तो स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही बंद करतो, कोड कशाला टाकेल! मेन रिलेनेही असं होऊ शकतं, म्हणून नुसत्या अंदाजाने सेन्सर बदलायला काका तयार नव्हते. म्हणाले, बंद पडू द्या, मग बघू.

मग आम्ही तिला जुन्या कात्रज घाटात नेली, एसी फुल, सेकंड गिअर. वर पोचून इंजिन चालू ठेवून उभी केली आणि थोड्या वेळात गेली बाई एकदाची! आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. काकांनी चावी ऑन केली, मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू आली, म्हणजे पंप आणि त्याचा रिले जिवंत. स्पार्क नाही. मग सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढून मल्टीमीटर लावला, दुकानात थंड असताना साडेआठशे ओहमच्या आसपास आला होता, आता स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात नुसता 1, म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली वायर गरम झाली की तुटतेय, गार झाली की जुळतेय. माझ्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून सेन्सरवर धरलं, पाच मिनिटांत मीटरवर आकडा परत आला आणि गाडी चालू.

नवा सेन्सर पंपाच्या कोटेशनच्या पाव किमतीतही बसला. एका बोल्टवरचं काम. त्यानंतर भर मे महिन्यात खंबाटकी चढून साताऱ्याला जाऊन आले, नाव नाही.

ओहमचं मोजमाप दोन वायरच्या सेन्सरला चालतं. तीन वायरचा हॉलवाला (बाहेरून सप्लाय लागणारा) असेल तर मीटर लावून काही कळणार नाही, त्याला सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो. लोकल सेन्सर घेऊ नका, काकांकडे लोकलवाल्यांची रांग असते. आणि कपलरमध्ये ऑइल उतरलंय का, पिना ढिल्या आहेत का हे आधी बघा, कधीकधी सेन्सर चांगला आणि कपलर खराब.

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: चालत्या गाडीत इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं पण वळतं, आणि ब्रेक हलका करणाऱ्या सर्वोत एक-दोनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. घाबरून चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि गॅस किट असेल तर आधी थोडे दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा, नाहीतर किटवाला गॅरेजकडे बोट दाखवेल आणि गॅरेजवाला किटवाल्याकडे.